आठ तोंडांचा राउटर

आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत आणि त्यांना इंटरनेट मान्य नाही. पुढच्या ओटीवर नेट धो धो वाहतं, माजघरात ठिबकतं आणि माझी मुलगी सायली बसते त्या मागच्या खोलीत ठणठणाट! नेमकी तिथेच, सोमवारी सकाळी अकराला, तिची पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. (ओटीवर बसवावं तर मासेवाली ऐन वेळी "बांगडे घेवा गो!" म्हणून आत डोकावणार.)

"वायरवालो राउटर हाडतंय!" मी जाहीर केलं. मी निवृत्त भूगोल शिक्षक. राउटर आणि मोडेम हे दोघे भाऊ की एकच इसम, हेही मला तोवर ठाऊक नव्हतं. पण उत्साह काय विचारता!

कट्टा गावच्या बाजारातल्या दुकानदाराने भुवया उंचावल्या. "गुरुजी, आता वायफाय सोडून वायरवालो कोण घेता?"

"आमच्या भिंतीतसून बायकोची हाक जाणा नाय, तुझा वायफाय खंयचा जाता!"

"बरा. चार तोंडांचो देऊ, की आठ? एका तोंडाक एक वायर."

"आठ!" मी म्हणालो. "उद्या पावणे इले तर?"

मग नारळ पारखतात तसा राउटर हातात घेऊन वजन पाहिलं, कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं नाही, म्हणजे माल चांगला!

रविवारी दिवसभर मी शिडीवर होतो. राउटर ओटीवरच्या शोकेसवर ठेवला आणि लांब वायर तिथून माजघराच्या तुळईवरून थेट सायलीच्या खोलीत नेली. दुसरी, जरा आखूड, टीव्हीसाठी घेतलेली वायर राउटरला लावून शोकेसमागे सोडून दिली. टीव्हीचं नंतर बघू म्हटलं. सायलीने लॅपटॉप जोडला आणि ओरडली, "बाबा, काय स्पीड आसा!" मी शिडीवरच छाती फुगवली. (शिडी हलली. फुगवणं थांबवलं.)

सोमवारी पावणेअकराला मी राउटरला सहज भेट द्यायला गेलो. पाहतो तर शोकेसमागून वायरचं एक टोक लोंबकळतंय! निसटलं असणार! देवाने मला वेळेवर पाठवलं! मी ते उचललं आणि राउटरच्या मोकळ्या तोंडात खट्कन बसवलं.

आणि काय सांगू! राउटरचे दिवे दशावतारातल्या संकासुरासारखे नाचू लागले!

"मंदा, हयसर ये! बघ केवढा नेट येता हा!"

आमची मंडळी पोळपाट-लाटणं सोडून आली. आम्ही दोघं कौतुकाने बघत उभे. तेवढ्यात आतून किंकाळी आली, "बाबाऽऽ! नेट गेला!"

मी इंटरनेट कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि लगेच शुद्ध मराठीवर आलो. "नमस्कार. आमचं नेट बंद पडलं आहे."

"सर, राउटरचे दिवे लागलेत का?"

"लागलेत? नाचताहेत!"

"एकदा बंद करून चालू करा."

एकदा केलं. तीनदा केलं. दिवे दुप्पट जोमाने नाचले. अकरा वाजले. सायली रडकुंडीला आली. मी तुळईवर उंदराने वायर कुरतडली असणार, असं ठरवून शिडी आणायला धावलो.

मंदाने मात्र पदर खोचला आणि राउटरमधली आखूड वायर चिमटीत धरली. तिचा माग काढत ती शोकेसमागे गेली, कोपऱ्यातून वळली, तिथून परत आली आणि थांबली.

"अवो, ही वायर हयसून निघाली, नि हयसरच येवन घुसली! दोनय टोकां एकाच डब्यात कित्याक घातलात?"

तिने एक टोक उपटलं. दिवे शहाण्यासारखे लुकलुकू लागले.

"इला! नेट इला!" आतून सायली ओरडली. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

नोकरी तिला मिळाली. पण मुलाखत चालू असताना मी शिडी खांद्यावर घेऊन दाराआड उभा होतो आणि सगळं ऐकू येत होतं. उशीर का झाला, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं आणि कार्टीने सगळं सांगितलं. बाई खूप हसल्या.

"मग दुरुस्त कोणी केलं?"

"आईने."

"अरे वा! त्या या क्षेत्रातल्या आहेत का?"

"नाही मॅडम," सायली म्हणाली, "बाबांमुळे तिला सराव आहे."