दर साली आटणारा पडदा

मठाच्या दारात माणसं चपला सोडतात, तसे किस्सेही सोडून जातात. चपला ज्याच्या त्याच्या पायात परत जातात. किस्से न्यायला कोणी येत नाही. मी मेंढरांमागं फिरणारा माणूस, शाळा तिसरीपर्यंत. पण चाळीस वर्षं आमच्या मठातला उत्सवाचा भगवा पडदा मीच बांधतो, म्हणून हा ढीग माझ्याकडं साठला.

पडद्याचं असं, की महाराज गादीवर बसून प्रवचन करणार, पुढं पुरुष, आणि बाया एका अंगाला पडद्याआड. पंथाचा नियम. बाईनं महाराजांपुढं यायचं नाही, आवाज काढायचा नाही. कमिटीचे अध्यक्ष बापूराव सांगायचे, "बाईमानूस नजरंला पडलं की महाराजांचं ध्यान मोडतंय."

हे मी घरी माझ्या बायकोला, गयाला, सांगितलं. ती चुलीपुढूनच म्हणाली, "मग महाराजांच्या डोळ्याला बांधा की. कापड बी कमी लागंल."

मीच तिला गप केलं. नियम म्हणजे नियम, हा माझा खाक्या.

*

पुढं गयाचे कान गेले. समोरच्याचे ओठ बघून तिला सगळं कळतं. मी तोंड फिरवून शिव्या देतो, तेवढ्याच सुटतात. पण पडद्याआड ओठ कुठले दिसणार? तिनं तोड काढली. हसायची जागा आली की शेजारीण शेवंता तिला कोपर मारायची, मग गया हसायची.

एकदा महाराज एका भक्ताच्या मरणाची गोष्ट सांगत होते. सभा गपगार. म्हातारे डोळे पुसतायत. तिकडं शेवंताला डुलकी लागली आणि तिचं कोपर गयाला लागलं. गया खदाखदा हसली. महाराज थांबले. बापूराव पडद्याकडं बघून असे ओरडले, की शेवंता जागी होऊन तीही हसली!

घरी विचारलं, "कावून हसलीस?"

"कोपर लागलं. मला वाटलं हसायचं हाय." मग भाकरी थापता थापता म्हणाली, "तीन साल झाली, महाराज काय सांगतेत मला ठावं न्हाई. तोंड दिसलं आसतं तर बरं झालं आसतं."

त्या दिवशी मी तिला गप केलं नाही.

*

बापूरावांकडं गेलो. म्हटलं, "एकटीला पुढं बसू द्या."

"एकीला सोडलं की समद्या येतेत बे, किसन. तिला कानाची मशीन आन."

अंबाजोगाईहून आणली. गया एक दिवस घालून बसली आणि काढून डब्यात टाकली.

"काय झालं?"

"ह्याच्यात महाराज कमी, बापूरावाचं घोरनं जास्त."

*

पडदा बाईनं ओलांडायचा नाही, पण उत्सवाआधी धुवायचा मात्र बायांनीच, पिवळा काठ शिवायचा तोही त्यांनीच. त्या साली मी पडदा तारेवर चढवला, तर खालून वीतभर आखूड. पुढच्या साली आणखी एक वीत.

"कावून आखूड झाला बे?" बापूराव म्हणाले.

"धुतल्यावर आटला आसंल."

मला खरंच तसं वाटलं होतं. मग एका दुपारी रानात मेंढरं बसवून भाकरी सोडली. फडकं ओळखीचं वाटलं. भगवं कापड, पिवळा काठ. मी भाकरी खाल्ली, फडकं झटकलं, नीट घडी करून खांद्यावर टाकलं. घरी काही बोललो नाही.

जमिनीवर बसलेल्या बायांना पहिल्या साली खालून गादीचा लोड दिसला, दुसऱ्या साली महाराजांची माळ, तिसऱ्या साली दाढी. तोंड तेवढं राहिलं होतं.

*

बापूराव माजलगावला कापडवाल्याशी भांडायला गेले. "तुमचं कापड दर साली आटतंय."

कापडवाला म्हणाला, "पहिल्या धुण्यात आटतं तेवढंच. तिसऱ्यांदा आटनारं कापड सापडलं तर मलाच दाखवा, शोकेसला लावतो."

बापूराव तापून परत आले. जाहीर केलं, यंदा पडदा बायांच्या हाती द्यायचा नाही. आणि नदीवर सगळ्यांसमोर स्वतः धुतला. साबण कमी आणि पाणी जास्त, पण धुतला. मग ओला पिळा माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू नियमाचा मानूस. तुझ्या घरी वाळव. गयाला हात लावू देऊ नको."

गयानं हात लावला नाही. शपथेवर सांगतो. लोकर कातरायची कात्री माझी आहे, ती मी कोणाला देत नाही.

*

उत्सवाला पडदा चढवला. उभ्या बाईची अब्रू झाकायला पुरेसा, बसलेलीला आरपार मैदान मोकळं. बापूराव बघतच राहिले. "कुनी धुतला ह्यो?"

"तुमीच."



महाराज आले, पडद्याकडं एकदा बघून गादीवर बसले. प्रवचन रंगलं. एक गमतीची गोष्ट काढली आणि शेवटचा शब्द ओठावर येतो न येतो तोच गया हसली. सगळ्या सभेच्या आधी. मग पुरुष हसले. शेवंताला तर गयानंच कोपर मारलं.

महाराजांना घाम आला होता. त्यांनी हात पुढं केला. मी खांद्यावरचं फडकं दिलं. त्यांनी तोंड पुसलं, पिवळा काठ बघितला, मग वर पडद्याचा काठ बघितला. बापूराव हात जोडून उभे.

महाराज माझ्याकडं वाकून म्हणाले, "पुढच्या साली धुतल्यावर माझ्यासाठी बी एक ठेवा."