संस्थेचा बोकड

सहकारावर लिहायचं म्हणजे मोठं धाडस आहे, त्याबद्दल आधी माफ करा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. विषयाची जाण बेताची. डोळ्यांसमोर घडलं ते मात्र अजून पचलेलं नाही, म्हणून लिहितो.

मंद्रूपच्या पुढे आमचं गाव. तिथल्या शेळ्या पाळणाऱ्या बायकांनी मिळून संस्था काढली. मी सोलापुरात समाजकार्य शिकतो, त्यामुळे नियम समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. संस्थेने पहिली खरेदी केली ती जातिवंत उस्मानाबादी बोकडाची. प्रत्येकीच्या कळपात त्याचीच पिल्लं वाढणार होती. संस्था उभी राहणार ती त्याच्याच जिवावर.

बोकड टेम्पोतून उतरला तेव्हा अध्यक्ष म्हणून माझी चुलती पुढे झाली. तिने त्याला ओवाळलं, आनंदाच्या भरात चिमूटभर भंडारा कपाळाला लावला आणि म्हणाली, "बिरोबा, तुजाच हाय रं ह्यो, सांभाळ."

मागून बिरोबाच्या देवळाचा पुजारी म्हणाला, "झालं की! देवाचा झाला बोकड. आता जत्रंत कापायला लागतोय."

मी हसलो. दुसरं कुणीच हसलं नाही. चुलतीचा हात हवेतच राहिला.

भंडारा लावून देवाचा म्हटलेलं जनावर देवालाच जातं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण संस्थेच्या, सगळ्यांनी मिळून घेतलेल्या जनावराला तो रिवाज लागेल, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. मी चाचरत म्हणालो, "बोकड चुलतीचा एकटीचा नाही. तिने एकटीने बोललेलं सगळ्यांना कसं लागेल?"

"आरं लेकरा, ती अध्यक्ष हाय न्हवं?" शेजारची मावशी म्हणाली. "अध्यक्ष बोलली म्हंजी संस्था बोलली, आसं तूच शिकवलंस की!"

"लई शिकवलं बाबा यानं," दुसरी म्हणाली. बायका हसल्या. चुलती पदर तोंडाला लावून बसली होती. माझ्या कुठल्याच पुस्तकात देव आणि बोकड एका पानावर नव्हते.

परीक्षा आली म्हणून मी सोलापूरला परतलो. जत्रेच्या दिवशी आईला सारखा फोन लावत होतो, ती उचलत नव्हती. बोकड कापला असणार आणि संस्थाही मोडली असणार, असं मी धरूनच चाललो.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या जिन्यात असताना आईचाच फोन आला.

"बोकड हाय," ती म्हणाली. "काल कौल लावला. देवानं उजवा दिला, व्हय म्हनला."

"कसला कौल?"

"संस्थेत येतोस का म्हनून इचारलं त्येला. तुज्या चुलतीनंच इचारलं, समद्या गावाम्होरं. आता बिरोबा बी सभासद हाय. बोकड त्येचा बी आन् आमचा बी. एकट्या सभासदाला संस्थेचं जनावर कापता येत न्हाय. पुजाऱ्यानं बी मान हलवली."