देवस्थळे भावजींची लाल फुली

माझ्या हातचे पोहे देवस्थळे भावजींनी सतरा वर्षं खाल्ले, आणि सतरा वर्षं बशी खाली ठेवताना एकच शेरा दिला, "टॉलरन्समध्ये आहेत." चांगले झालेत म्हटलं असतं तर त्यांचा पगार कुणी कापणार नव्हतं. पण माणूस पडला कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचा इन्स्पेक्टर. विजेवरच्या अवाढव्य मोटारींचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे, ते मोजायचे, आणि मापात केसभर इकडेतिकडे दिसलं की लाल खडूनं फुली मारायचे. दिवसभर नाही म्हणायचं आणि उरलेलं नाही संध्याकाळी घरी घेऊन यायचं. टॉलरन्स म्हणजे काय हे मला आमच्या ह्यांनी समजावून दिलं. मापातली चूक कुठवर खपवून घ्यायची याची हद्द ठरलेली असते, ती टॉलरन्स. म्हणजे बघा, सतरा वर्षं माझे पोहे खपवून घेतले गेले.

आमचं क्वार्टर भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपच्या टोकाला, सोनागिरीच्या बाजूला. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. ठेकेदारानं ती इतक्या मन लावून बांधली होती की पलीकडे भावजींना शिंक आली की इकडे माझी मुलं 'शतंजीव' म्हणायची. भावजी मूळचे उज्जैनचे. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात पेन असावं तसा लाल खडू. दूधवाल्याच्या कॅनवर एकदा त्यांनी फुली मारली तेव्हा तो बिचारा आठ दिवस ती पुसत नव्हता, सरकारी खूण असेल म्हणून. त्यांच्या बायकोनं, सुमती वहिनींनी, मला लग्नाचा अल्बम दाखवला होता. त्यातल्या तीन फोटोंच्या मागे फुल्या होत्या. "एकात मी आहे, एकात हे आहेत आणि एकात भटजी," वहिनी म्हणाल्या. "भटजींचं काय चुकलं ते मला अजून कळलं नाही."

भावजींना नाद दोन. एक पाखरांचे फोटो काढण्याचा आणि दुसरा गाणं ऐकण्याचा. रविवारी उजाडायच्या आत गळ्यात कॅमेरा अडकवून ते क्वार्टरांमागच्या माळावर जायचे. तिथे बोरी आणि बाभळी यांशिवाय काही नव्हतं, पण भावजींच्या मते तिथे हुदहुद होता, खंड्या होता, टकाचोर होता. एका खंड्यासाठी तीन तास दगडासारखे बसलेले मी त्यांना पाहिलंय. घरी मात्र चहा यायला तीन मिनिटं उशीर झाला की भिंतीपलीकडून कपाचा आवाज यायचा.

रोल छत्तीस फोटोंचा. तो जवाहर चौकातल्या स्टुडिओत धुवायला जायचा आणि परत आला की जेवणाच्या टेबलावर कोर्ट भरायचं. प्रत्येक फोटो उजेडात धरायचा, उलटा करायचा आणि मागे लाल पेन्सिलीनं फुली. फुलीखाली कारण. 'शेपूट कापली.' 'डोळ्यात चमक नाही.' 'फांदी आडवी आली.' कारणाशिवाय फुली त्यांनी कधी मारली नाही. "रिजेक्ट कोणीही करेल, वहिनी," ते मला सांगायचे. "कारणाचा रकाना भरता आला पाहिजे. तो भरता येत नसेल तर इन्स्पेक्टरनं घरी बसावं." रिजेक्ट झालेले फोटो बिस्किटांच्या डब्यात जायचे. असे नऊ डबे होते. पास झालेल्यांसाठी एक काळा अल्बम होता आणि तो गोदरेजच्या कपाटात, वहिनींच्या दागिन्यांच्या वर ठेवलेला असायचा. तो आम्हाला कुणालाही पूर्ण बघायला मिळाला नाही.

माणसांचे फोटो ते काढत नसत. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "माणसं हलतात." तरीही आमच्या मराठी मंडळाचे सचिव पाठराबे यांनी गणेशोत्सवाच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे फोटो भावजींकडे सोपवले. पाठराबे नागपूरकडचे, दिलदार गडी. चांगला कॅमेरा टाउनशिपमध्ये एकच, आणि फुकट मिळत होता. अध्यक्ष म्हणून एक मोठे साहेब आले होते, हार होते, नारळ होता. रोल धुऊन आला. छत्तीसपैकी एकतीस फोटो कर्ण्यावर येऊन बसलेल्या पिंगळ्याचे, चार रिकाम्या खुर्चीचे, आणि एकात अध्यक्षांचं कोपर.

"काऊन जी देवस्थळे," पाठराबे जवळजवळ रडत म्हणाले, "अध्यक्ष कुठी हायेत याच्यात?"

"अध्यक्ष हलत होते," भावजी म्हणाले. "पिंगळा स्थिर होता."

वरून एकतीसपैकी तीस पिंगळ्यांवर फुल्या होत्याच.

गाण्याचंही तसंच. स्वतःला एक ओळ गाता येत नव्हती, पण लहानपणी उज्जैनला ऐकलेल्या मैफिली त्यांना तानेसकट पाठ. जेवताना मधेच थांबून म्हणायचे की अमक्या बुवांनी त्या रात्री निषाद किंचित चढा लावला होता. बुवा वारून तीस वर्षं झालेली, पण निषाद अजून माफ झालेला नाही. मंडळाच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत डोळे मिटून बसायचे आणि गाणारा चुकला की मांडीवर एकेक बोट उघडायचे. गाणारे श्रोत्यांकडे बघायचेच नाहीत, भावजींच्या मांडीकडे बघायचे.

आता माझं सांगते. मला गाणं कुणी शिकवलं नाही. आईच्या तोंडची पदं ऐकली होती, रेडिओ ऐकला होता, बस्स. घरात पेटी नाही, तानपुरा नाही. होता तो कारखान्याचा भोंगा. दुपारी अडीचला पाळी सुटायची तेव्हा, आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचला, तो मिनिटभर एका सुरात वाजायचा. टाउनशिपमधला प्रत्येक माणूस त्यावर आपलं घड्याळ लावायचा आणि मी माझा सा लावायचे. भोंगा थांबला की तोच सूर धरून, मुलं शाळेतून यायच्या आत, भांडी घासता घासता गायचे. भावजींची रात्रपाळी असली की ते दुपारी घरी असायचे. भिंत कशी होती ते सांगितलंच. अकरा वर्षं त्यांनी ऐकलं असणार. पोह्यांवर तरी शेरा मिळायचा, गाण्यावर तोही नाही.

मग एका वर्षी मंडळाला स्थानिक कलाकारांचा पुळका आला. खरे कलाकार बाहेरून येणार, रात्री आठनंतर गाणार. स्थानिकांना संध्याकाळी पाचची वेळ, माणशी पंधरा मिनिटं, म्हणजे हॉलमध्ये झाडू मारून होईस्तोवर काहीतरी चालू राहावं. मी नाव दिलं. मला त्रेचाळिसावं लागलं होतं. एकदा, फक्त एकदा, समोर माणसं बसलेली असताना गाऊन बघायचं होतं. भांड्यांपुढे गायचा कंटाळा आला होता हो. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "घरी गातेस की. घरी काय कमी आहे?" खरंच, काय कमी होतं? नळसुद्धा साथीला होता.

निवड करायला एकसदस्यीय समिती. सदस्य कोण हे सांगायला नको. क्लबच्या हॉलमध्ये पेटीवर रशीदभाई होते. ते कारखान्यात वेल्डर, अस्सल भोपाळी, आणि पेटीवर त्यांची बोटं फार गोड चालायची. त्यांनी काळी चारचा सूर दिला, मी आईचं एक जुनं पद सुरू केलं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला मला वाटलं पेटी वर चाललीय. पेटीला बहुधा वाटलं मी खाली चाललेय. मी सावरायचे, पुन्हा घसरायचे. भावजींचं एक बोट उघडलं, दोन, पाच. मग दुसरा हात लागला. दहा बोटं संपली आणि माझा अंतरा अजून बाकी होता.

"वहिनी," डोळे उघडून ते म्हणाले, "टॉलरन्सच्या बाहेर."

घरी आले. रडले नाही, कांदे चिरत होते म्हणून तसं वाटलं असेल. दुसऱ्या दिवसापासून पलीकडे पोहे जाणं बंद. अडीचचा भोंगा झाला की नळ मोठा सोडायचा आणि मुकाट भांडी घासायची. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी भोंगा थांबल्यावर मागच्या दारावर टकटक झाली. भावजी उभे, लेंगा-बनियनवर, रात्रपाळीचे डोळे लाल.

"भोंगा झाला," ते म्हणाले. "तुम्ही गायला नाहीत."

"रिजेक्ट माल कशाला वाजवायचा?" मी म्हटलं.

ते तिथेच पायरीवर बसले. खिशातून कागद काढला. त्यावर माझं नाव, पुढे लाल फुली आणि पुढचा रकाना रिकामा. म्हणाले, आठ दिवस झाले, कारण लिहिता येत नाहीये. कान चांगला नाही म्हणावं तर भिंतीपलीकडे अकरा वर्षं एक बोट उघडावं लागलेलं नाही. अकरा वर्षं. हे मला तेव्हा कळलं, तेही एखाद्या तक्रारीसारखं. "जॉब इथे बरोबर येतो आणि हॉलमध्ये चुकतो," ते म्हणाले. जॉब म्हणजे तपासायला आलेला भाग, इथे मी. "मग जॉबमध्ये खोट नाही, वहिनी. मोजायचं गेजच चुकीचं लावलंय."

दुसऱ्या दिवशी अडीचच्या आत स्कूटरवर रशीदभाईंना पेटीसकट घेऊन हजर. आम्ही तिघं मागच्या अंगणात, पेटी धुण्याच्या दगडावर. भोंगा सुरू झाला. रशीदभाईंनी पांढरी पाच दाबली, मग काळी चार, पुन्हा पांढरी पाच. भोंगा थांबला तसं कपाळावर हात मारून ते हसायला लागले.

"क्यों ख़ां, ये भोंगा तो दो सुरों के बीच में बैठा है. और भाभी साहब भोंगे की गोद में!"

म्हणजे माझा सा जगातल्या कुठल्याच पेटीत नव्हता. अशी चूक करायला आमच्या टाउनशिपमध्येच राहावं लागतं. भावजींनी खिशातून कागद काढला, रकान्यात लिहिलं, 'गेज चुकीचे. फेरतपासणी', आणि उठून गेले. चुकलं, माफ करा, असलं काही त्यांच्या फॉर्मवर नव्हतं.

क्लबच्या कपाटात एक तानपुरा धूळ खात पडला होता. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी अडीचला हॉलमध्ये भोंग्यावर रशीदभाईंनी तो लावला. मग भावजींनी त्याच्याभोवती स्टेजवर लाल खडूनं गोल काढला आणि पाच वाजेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसले. सजावटवाल्यांना गोलात पाय ठेवू दिला नाही, हवेनं सूर उतरू नये म्हणून खिडक्या उघडू दिल्या नाहीत. पाठराबे गणपतीचा हार घेऊन आले तर त्यांनाही वळसा. "बाप्पाले तरी जाऊ द्याल का नाही?" असं ते पुटपुटत होते म्हणे.

पाचला माझी वेळ. पाठराबे आधी दोन मिनिटं बोलणार होते, ते वीस मिनिटं बोलले. मग मी बसले. रशीदभाई तानपुरा छेडायला. समोर शंभरेक माणसं, झाडू मारणारे दोघे धरून. पहिल्या रांगेत भावजी, मांडीवर कॅमेरा, त्यावर दोन्ही हात, डोळे मिटलेले. मी आईचं पद सुरू केलं. बोटं मिटलेलीच. अंतरा संपवून शेवटच्या ओळीला सा लावला आणि साडेपाचचा भोंगा झाला.

त्याच सुरात. मी थांबले नाही, तोही थांबला नाही. अख्खा कारखाना माझ्यामागे तानपुरा घेऊन बसला होता. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण, आणि त्या क्षणी हॉलमधली शंभर माणसं मान खाली घालून आपापली घड्याळं लावत होती. आमचे हेसुद्धा, त्यांनीच नंतर सांगितलं. एकच माणूस घड्याळाकडे बघत नव्हता. पण तो काय करत होता हे मला दिसलं नाही, कारण मीही डोळे मिटले होते.

खाली उतरल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"टॉलरन्समध्ये," भावजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोहे सुरू झाले.

पुढे ते रिटायर होऊन उज्जैनला गेले, आम्ही आनंद नगरला घर बांधलं. तिथेच भावजी वारल्याची तार वाचली. मागल्या वर्षी सुमती वहिनी एका लग्नाला भोपाळला आल्या तेव्हा पिशवीतून तो काळा अल्बम काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "तुमच्याकडे राहू दे. माझ्या सुनेला यात नुसते कावळे दिसतात."

चाळला. हुदहुद, खंड्या, तो एकतिसावा पिंगळा. एकेका पाखराचं पीस मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. शेवटच्या पानावर एक बाई. तोंड उघडं, हात हवेत पुसट झालेला, नाक जागेवर नाही, कपाळ दोनदा आलेलं. मागे स्टेजवरचा गणपती मात्र चोख. आमच्या ह्यांनी चष्मा लावून नीट निरखला आणि विचारलं, "ही कोण?"

मी फोटो अल्बममधून सोडवून उलटा केला. लाल पेन्सिल होती, फुली नव्हती. लिहिलं होतं, 'हललेला. पास. कारण लिहिता येत नाही.'

मी उठून पोहे केले. वहिनींनी खाल्ले, बशी खाली ठेवली. आणि मग आम्ही दोघींनीही, कुणी शेरा देतंय का म्हणून, भिंतीकडे कान लावला.