सुब्बराव यादीतून गेले त्याची गोष्ट

कन्नड मुलखातल्या लष्कर मोहल्ल्यात सुब्बराव रंगाऱ्यांच्या घरातून बाहेर पडणाऱ्यानं ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, असा नियम. तसा तो सगळ्याच मराठी घरांत असतो. पण इथं तो सुब्बरावांच्या बायकोच्या, गौराबाईंच्या ताब्यात होता, म्हणून त्याला कोर्टाच्या हुकमाचं वजन होतं. पोस्टमन कागद देऊन मुकाट वळला तरी त्या हाक मारून त्याला थांबवत आणि कन्नडमध्ये ‘बरतीनम्मा’, म्हणजे ‘येतो बाई’, एवढं वदवून घेऊनच सोडत. बिचारा पुढं पुढं सायकलवरूनच ओरडायला लागला, “बरतीनम्मा, बरतीनम्मा!” गल्लीत नवीन आलेल्यांना वाटायचं, हा कुठल्या बाईला एवढं बजावून सांगतोय!

अशा घरातला यजमान एका शब्दापायी यादीतून गेला. पण ती गोष्ट ऐकायची तर आधी त्याचे हात बघायला हवेत.

सुब्बरावांचे बाप-आजे सूत रंगवायचे. मागच्या अंगणात निळीच्या चार नांदी, त्यांच्यावर आडव्या दोऱ्या. बारा वर्षांचे असल्यापासून सुब्बरावांचे हात त्या नांदीत, कोपरापर्यंत निळे. भात कालवला की भातही निळा व्हायचा, म्हणून आई चमच्यानं भरवायची म्हणे. खरं-खोटं कोण जाणे. रंगाऱ्याचा मुलगा, तो सांगणार ते रंगवूनच.

सदुसष्ट साली त्यांचं पहिलं मतदान. नुकतं एकविसावं सरलेलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभे राहिले. शाईच्या टेबलावरच्या मास्तरांनी एक बोट बघितलं, दुसरं बघितलं, मग दहाच्या दहा बघितली आणि म्हणाले, “काय रे, दहाही बोटांनी मत टाकून आलास काय?” रांगेत हशा पिकला. कोणतं बोट शाईचं आणि कोणतं निळीचं, हे कोणी ओळखावं? मास्तरांनी परत पाठवलं. सुब्बराव घरी आले आणि ब्लीचिंग पावडर घेऊन हात घासत बसले, ते पार कातडं सोलेपर्यंत. दुपारी चारला पुन्हा रांगेत हजर. लालबुंद बोट पुढं केलं. मास्तर शेजारच्याला म्हणाले, “लाव बाबा लवकर, नाहीतर पुढच्या खेपेला हा हात तोडून आणेल.”

त्या दिवसापासून एकही मतदान चुकलं नाही. आणि दरवेळी आदल्या दिवशी पावडरीनं हात घासायचा रिवाजही चुकला नाही. रंगाचा धंदा बसल्यावर, बोटं माणसासारखी दिसायला लागल्यावरसुद्धा.

धंदा बसल्यावर ते मोहल्ल्यातल्या पुस्तकांच्या दुकानात लागले. तीस वर्षं त्या काउंटरवर बसून त्यांनी माणसांचं वाचणं आटताना पाहिलं. आधी गिऱ्हाईक कादंबरी मागायचं, मग परीक्षेचं गाइड, मग गाइडची झेरॉक्स. शेवटी वह्यांची कव्हरं तेवढी खपू लागली. मालक वारले. त्यांच्या मुलानं, पद्मनाभनं, कपाटं मोडीत काढून झेरॉक्सचं यंत्र आणि अर्ज भरायचा कॉम्प्युटर बसवला. सुब्बराव रिटायर झाले, तरी रोज सकाळी तिथल्या स्टुलावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. गटार तुंबलं, दिवा लागत नाही, नळाला पाणी नाही. बी.कॉम. झालेली पोरंही या आजोबांना म्हणायची, “ताता, तुम्हीच लिहा,” आणि न वाचता सही ठोकायची. सुब्बराव खवळायचे.

“अरे, वाच तरी! तुझं घर माझ्या नावावर लिहून घेतलं असतं मी!”

“घ्या की ताता. भाड्याचंच आहे.”

वॉर्डाच्या सभेलाही ते न चुकता जात. चाळीस खुर्च्या आणि तीन माणसं. त्यातला एक चहावाला. तरी सुब्बराव उठून प्रश्न विचारणार आणि चहावाला मान डोलावणार.

असा हा माणूस सत्त्याहत्तराव्या वर्षी भ्यायला शिकला, आणि पहिला धडा मिळाला गॅसच्या एजन्सीत.

एजन्सी मोहल्ल्यातून उठून हिनकलच्या बाजूला गेली होती. दोन बसा बदलून सुब्बराव पोचले. काउंटरवरच्या मुलीनं काचेचं छोटं यंत्र पुढं सरकवलं. “अंगठा ठेवा ताता.” लाल दिवा. “पुसून ठेवा.” लाल. डावा ठेवला, लाल. मग एकेक करून दहाही बोटं झाली. नांदीतला सोडा आणि ब्लीचिंगची पावडर यांनी त्या बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या होत्या; यंत्राला तिथं गोटा लागत होता.

“तुम्ही नाही आहात,” मुलगी म्हणाली.

“म्हणजे?”

“सिस्टीममध्ये हो, ताता.”

“मी सही करतो की. तीन भाषांत करतो. कुठल्या भाषेत पाहिजे, बोला.”

“सही चालत नाही.”

आईचा अंगठा सुटावा म्हणून सुब्बरावांनी तिला पाटी घेऊन तीन महिने सही शिकवली होती. ती पहिल्यांदा रेशनच्या दुकानात सही करून आली तेव्हा घरात गोड केलं होतं. आणि आता सही येणाऱ्यालाच म्हणतात, अंगठा आण! त्यांनी एजन्सीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. सुब्बरावांनी तिला तीनदा “अम्मा” म्हणून हाक मारली. ती पुन्हा तेच म्हणाली. वीस मिनिटं तेच म्हणत राहिली, मग धन्यवाद देऊन फोन तुटला. माणूस असून हाकेला ओ मिळू नये, हे त्यांना बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात निवडणुकीची यादी आली. पद्मनाभनं कॉम्प्युटरवर काढली.

“ताता, तुमच्या नावावर आडवा शिक्का आहे.”

“कसला?”

“डिलीटेड.”

“का? कारण लिहिलं असेल.”

“कारण कोण वाचतं ताता! फॉर्म भरून टाकू.”

सुब्बरावांनी चष्मा वर केला आणि पडद्याला नाक लावलं. नावाच्या आधी इंग्रजी ‘ई’ होतं. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत त्याचा अर्थ दिला होता. आयुष्यभर तळटिपा वाचणारा माणूस तो. ही टीप त्यांनी दोनदा वाचली. ई म्हणजे ‘एक्स्पायर्ड’, मृत.

स्टुलावरून उठले. घरी आले. गौराबाई तांदूळ निवडत होत्या.

“अगं, यादीत मी मेलोय.”

गौराबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ चहूकडे. तोंड पांढरं. त्या उठून देवापुढं जाऊन बसल्या, आणि सुब्बरावांना तांदूळ स्वतः गोळा करावे लागले. पन्नास वर्षांत असं घडलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस घर विचित्र झालं. गौराबाईंनी रात्रीचं जेवण सोडलं. रोज तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या घेऊन नवऱ्याची दृष्ट काढू लागल्या. मधेच त्यांचा हात हातात घेऊन बसायच्या आणि पदरानं डोळे टिपायच्या. काय झालं विचारलं तर, “काही नाही.” सुब्बरावांच्या डोक्यात चक्रं फिरली. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तपासल्यावर आपल्याला बाहेर बसवून हिच्याशी काय बोलणं केलं? हिला माहीत आहे. यादीला आधी कळतं, बायकोला मग, आणि ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी.

मग ते सगळ्याला भ्यायला लागले. दक्षिणेकडे पाय होऊ नयेत म्हणून खाट फिरवली. खिडकीत कावळा ओरडला की घास अडायचा. पेपरातलं श्रद्धांजलीचं पान न बघता उलटायचे. समोरच्या घरातल्या अंबाजीरावांना बातमी लागली होती. ते ओट्यावरून ओरडले, “काय सुब्बराव, तेराव्याला पुरणाच्या होळिगे करणार ना? नुसत्या पायसावर आम्ही येणार नाही हं!” एरवी सुब्बरावांनी त्यांना दोन ठेवून दिल्या असत्या. त्या दिवशी आत जाऊन दार लावून घेतलं.

शुक्रवार शेवटचा दिवस होता. तोवर नाव परत चढलं नाही तर या खेपेला मत नाही. आणि मत हुकलं, तर सुब्बरावांच्या मनानं घेतलं होतं, यादीचंच खरं झालं. मग आपण असून नसल्यासारखे.

शुक्रवारी दुपारी ते निवडणुकीच्या ऑफिसात गेले. गौराबाई न सांगता बरोबर निघाल्या. टेबलामागं नरसिंहमूर्ती नावाचे अधिकारी, शेजारी गणपतराव कारकून. अधिकाऱ्यांनी कार्ड बघितलं.

“तुम्हीच सुब्बराव कशावरून? मागच्या आठवड्यात एकजण मेलेल्या भावाचं कार्ड घेऊन आला होता.”

“साहेब, मी बोलतोय की तुमच्याशी!”

“तोही बोलत होता.”

मग त्यांनी फाईल उघडली, बोट ठेवून वाचलं. “चौकशीला माणूस घरी गेला होता. दहा जानेवारी, सकाळी. घरच्या बाईंनी स्वतः सांगितलं आहे. शब्द लिहून घेतलाय बघा. ‘होगबिट्रु’.”

कन्नडमध्ये ‘होगबिट्रु’ म्हणजे निघून गेले. माणूस बाजारात गेला तरी होगबिट्रु, आणि वर गेला तरी होगबिट्रु.

सुब्बराव सावकाश बायकोकडे वळले. गौराबाई खाली मान घालून, पदराचं टोक पिळत होत्या.

“तू?”

“मग काय करू?” त्या एकदम फुटल्या. “तुम्ही रागावून पहाटेच्या बशीनं हुणसूरला गेला. ‘येतो’ म्हटला नाही! आयुष्यात पहिल्यांदा म्हटला नाही! इकडं दूध वर आलेलं, दारात तो माणूस, यजमान आहेत काय म्हणून विचारतोय. मी आपली रागात म्हटलं, होगबिट्रु. मराठीत ‘गेले’ म्हणून कधी बोललो असतो काय मी? कन्नडात आहे, चालतं म्हटलं! माझ्या तोंडानं...” पुढचं रडण्यात गेलं. “दहा दिवस झाले, मीच घालवलो तुम्हाला.”

नरसिंहमूर्तींनी घसा साफ केला. “हे बघा अम्मा, रडू नका. तुम्हीच सांगितलं, तुम्हीच दुरुस्त करा. हे समोर उभे आहेत त्यांचं नाव सांगा. मी लिहून घेतो.”

आता आली पंचाईत. गौराबाईंनी बावन्न वर्षांत नवऱ्याचं नाव साधं घेतलं नव्हतं. अहो, ते, आमचे, फार तर ‘यांना’.

“नाव, अम्मा.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार. पाचला खिडकी बंद. मागची रांग कुरकुरायला लागली. सुब्बरावांना वाटलं, झालं, ही नाव घेणार नाही आणि आपण असेच राहणार, अर्धे इकडं, अर्धे तिकडं.

गौराबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला, डोळे मिटले, आणि लग्नात घेतात तशा सुरात खणखणीत उखाणा घेतला:

“अंगणात निळीची नांद, दोरीवर निळं सूत,
सुब्बराव जिवंत आहेत साहेब, हे नव्हे त्यांचं भूत!”

गणपतराव मराठी घरातले. त्यांनी टेबलावर हात आपटला आणि पोट धरून हसायला लागले. नरसिंहमूर्तींना काही कळेना. “एनु? काय म्हणाल्या?” गणपतरावांनी कन्नडमध्ये समजावलं तेव्हा तेही हसले, पण पेन खाली ठेवलं नाही. “नाव आलं. आता एका शब्दात सांगा, अम्मा. आहेत की नाही?”

“इद्दारे,” गौराबाई म्हणाल्या. आहेत. आणि पुन्हा, कोणी न विचारता, “इद्दारे, इद्दारे.”

त्यांनी लिहून घेतलं. सुब्बरावांची सही घेतली. तिथं तरी सही चालली. “पुरवणी यादीत येईल,” म्हणाले. आणि मग हळूच, “यायला पाहिजे.”

परत येताना सुब्बरावांनी विचारलं, “मग डॉक्टर काय म्हणाले तुला?”

“कुठले डॉक्टर? लोणचं बंद करा म्हणाले. सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?”

मतदानाच्या आदल्या दिवशी सुब्बरावांनी पावडर काढली. गौराबाईंनी डबा हातातून काढून घेतला. “उरलीत ती बोटं राहू देत.” सकाळी दोघं बरोबर निघाले. घरात मागं कोणीच नव्हतं. गौराबाईंनी कुलूप लावलं, ओढून बघितलं, मग कुलपाकडेच बघून मोठ्यानं म्हणाल्या, “आम्ही दोघंही येतो.” सुब्बरावही म्हणाले. अंबाजीराव ओट्यावर होते. त्यांनी तिथूनच हात वर केला.

शाळेतल्या खोलीत रांग पुढं सरकत सरकत सुब्बरावांपर्यंत आली. टेबलावरच्या बाईनं यादीवर पट्टी ठेवली आणि ओळ ओळ खाली घेत गेली. पहिलं पान. दुसरं. पट्टी शेवटच्या ओळीपाशी थांबली. तिनं मान हलवली. सुब्बराव यादीवर वाकले. तेवढ्यात तिनं टाचणीनं लावलेला पुरवणीचा कागद ओढला, आणि त्यावरचं तिसरं नाव मोठ्यानं वाचलं.

“सुब्बराव?”

नुसतं कार्ड दाखवायचं होतं. पण सुब्बराव शाळेत हजेरीला ओरडावं तसे ओरडले, “इद्दीनि! आहे, आहे, इद्दीनि!”

खोलीभर हशा उसळला. शाई लावणारा हसत हसत त्यांचं बोट धरून बसला. रांगेत मागं उभ्या गौराबाई तेवढ्या हसल्या नाहीत. ती काळी रेघ नखावर पुरती ओढली जाईपर्यंत त्या बघत राहिल्या.