देवरामची टक

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या माझ्या दुकानात एका बड्या बाईंचा ब्लाउज तिसऱ्यांदा उसवत होते. फोन मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावरून, चुलतभावाचा. "बाय, देवराम गेला," एवढंच म्हणाला आणि रेंज गेली… त्याची छाती लहानपणापासून कमजोर, त्यामुळे धक्का असा बसला नाही. चीड मात्र आली, आणि ती अजून गेलेली नाही. तिच्यात भर घातली मोखाड्याच्या शोकसभेनं. जिवंतपणी ज्यांनी त्याला 'डबेवाला' म्हणून हिणवलं, तेच माइक धरून 'तारपासम्राट' म्हणत होते. एका वक्त्यानं तर त्याच्या फुंकरीचं तोंड भरून कौतुक केलं. माझ्या भावाला तारपा फुंकताच येत नव्हता. निदान एवढं तरी कुणाला विचारून यायचं!

तारपा वाजवायचे ते आमचे बाबा. भोपळ्याचं आणि बांबूचं ते लांबलचक वाद्य वाजवताना सूर क्षणभरही तुटू द्यायचा नसतो. गालात हवा साठवायची आणि नाकानं श्वास घेत राहायचं. देवराम दोन फुंकांत खोकायला लागायचा. बाबांच्या मागे पाड्यावर वाजवणारं कुणी उरलं नाही, आणि तारप्याशिवाय आमच्याकडे नाच उभा राहत नाही. मग लोकांनी मोबाइलला स्पीकर जोडून कसलीतरी गाणी लावली आणि हातवारे केले. त्याला नाच म्हणायचं असेल, तर मी फाटक्या गोधडीला पैठणी म्हणेन.

देवराम तेव्हा ठाण्याला एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि हा शहाणा तिथलं जुनंपुराणं सॅम्पलर उचलून घरी आला. सॅम्पलर म्हणजे एक लोखंडी पेटी, लोकांच्या भाषेत डबा. हवा तो आवाज तिच्या पोटात भरायचा आणि कळ दाबली की तो वाजतो. तिच्यात बाबांचा तारपा भरायचा, हे त्याच्या डोक्यात बसलं. बाबांचं ध्वनिमुद्रण एकच. शहरातून आलेल्या काही हौशी मंडळींनी ते केलं होतं आणि नंतर एक सीडी पाठवून दिली होती. ती वाजवायला आमच्याकडे काही नाही, हे त्या हुशार डोक्यांत आलं नाही. बाबांनी ती नाचणीच्या शेतात पाखरं हाकलायला टांगली. इतकी वर्षं ती तिथंच काठीवर आपटत होती.

देवरामनं ती उतरवली, टूथपेस्ट लावून घासली आणि कॉम्प्युटरवर घेतली. पण त्या म्हाताऱ्या पेटीला सीडीचा आवाज जसाच्या तसा पचत नाही. डावा-उजवा आवाज एकत्र करायचा, बारकावे कमी करायचे, तुकडे पाडायचे, मग पेटीला वाचता येईल अशी फाइल करून फ्लॉपीवर चढवायची. फ्लॉपीवर मावतात काही सेकंद. आमचे बाबा पहाट होईस्तोवर वाजवत, आणि त्यांच्यातले काही सेकंद निवडायला हा मठ्ठ महिनोन्‌महिने बसला… मी म्हटलं, "त्यापेक्षा सीडीच लाव ना सरळ." माझी कीव आल्यासारखा म्हणाला, "बाय, सीडीला पाय दिसतात काय? नाचणाऱ्यांचे पाय जड झाले का सूर धरून ठेवाय लागतो. ती आपली पलत सुटते." एमपीथ्रीला तो चघळलेला ऊस म्हणायचा. त्याला कुणाचंच काही पसंत नसायचं, माझी शिलाईसुद्धा.

तो तुकडा गोल फिरवत ठेवायचा, शेवट सुरुवातीला जोडायचा, आणि जोड कळू द्यायचा नाही. हे त्याला चांगलं जमलं. फक्त सीडीवरचा एक चरा नेमका बाबांच्या सगळ्यात भरलेल्या दमात आला होता. दर फेऱ्याला तिथं 'टक' व्हायचं. मैदानात मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हा पेटी घेऊन बसला, आणि तारप्याला पाठ दाखवायची नसते म्हणून लोकांनी पेटीलाही पाठ दाखवली नाही. पुढच्या वर्षी पाहते तो काय, 'टक' आली की सगळी रांग एकदम पाय आपटते! लहान पोरं तर नाच असाच असतो असं समजून शिकली. देवराम संतापानं लाल. "ही माणसा हायेत का ढोरा? चुकीवर नाचतात!" लोकांना त्याचं काही नव्हतं. ते मजेत पाय आपटत होते.

ती टक काढण्यात त्यानं उरलेलं आयुष्य घालवलं. खोकला वाढला, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, तरी तेच. शेवटी या पावसाळ्यात त्यानं शेजारचाच आवाज कापून चऱ्यावर असं ठिगळ लावलं की मलाही सापडेना. ते त्यानं जुन्या फाइलवरच चढवलं. चुकीची प्रत ठेवायची नसते म्हणे! सीडीचा पापुद्रा तोवर निघाला होता, ती आता कुठंच वाचली जात नाही. पेटी माझ्या दुकानात आणून ठेवली आणि म्हणाला, "औंदा तू वाजव, बाय. कळ दाबून धरायची, पाय बघायचे." भादव्यात तो गेला.

भात झोडून झाल्यावर मी पेटी जीपमध्ये घालून पाड्यावर गेले. दिवेलागणीला खुर्चीवर बसून कळ दाबली. बाबांचा सूर निघाला, स्वच्छ, अखंड. रांग फिरू लागली. त्या जागेवर पाय खाली आले आणि खाली आवाजच नव्हता… दोघी अडखळल्या, रांग तुटली. आमची सोनूआत्या कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"देवरामची टक कठं गेली?"

"त्यानं काढली."

"त्यानंच?"

"हो. चूक होती ती."

आत्यानं तोंड वाकडं केलं. "येडाच होता," ती म्हणाली. "तू वाजव परत."

मी कळ दाबली. रांग जुळली, फिरली, आणि त्या मोकळ्या जागेवर सगळ्यांनी मिळून पाय असा आपटला की खुर्ची हादरली. पुढच्या फेऱ्याला पुन्हा. तो असता तर चिडून मशीन बंद करून निघून गेला असता. मी बंद केलं नाही. मूर्ख माणूस तो… त्याची मला फार आठवण येते.