अंगणातला स्विमिंग पूल

रूम फ्रेशनरचा वास आला की मला बोळिंजमधला तो कॉम्प्युटरवर घरांची डिझाइनं शिकवणारा क्लास आठवतो, दोन हजार सालच्या आसपासचा, रोज फ्रेशनर मारलेला. सर टायवाले, माऊसला हात लावण्याआधी आम्हाला हात धुवायला लावणारे. मी तेव्हा पंचेचाळिशीची, आपली हौसेनं जायची. परीक्षेला ‘आपल्या गावातलं घर’ काढायचं होतं. जवळच्याच, समुद्रकाठच्या अर्नाळ्याच्या एका कोळ्याच्या पोरीनं घरापुढे हे एवढं मोकळं अंगण ठेवलं. सर म्हणाले, "इतकी जागा वाया? जरा क्रिएटिव्ह व्हा!" आणि तिच्याच स्क्रीनवर त्यांनी खटाखट निळा स्विमिंग पूल आणि चार आयती नारळाची झाडं बसवली. पोरगी म्हणाली, "सर, पानी तर दारातच हाय. बोंबील कुठं वाळवू?" आम्ही खो खो हसलो. सरांचे कान लाल! म्हणाले, "पूल पुसलास तर सर्टिफिकेट नाही." मी विचारलं, "सर, अर्नाळ्याला कधी गेलायत का हो?" "कशाला? कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे." घ्या, हे आम्हाला घरं शिकवणार! पोरीनं पूल पुसला, अंगणासकट कागद छापून घेतला आणि सर्टिफिकेटशिवाय निघून गेली. सरांना मी अजून नावं ठेवते. पण माझं सर्टिफिकेट कपाटात आहे, कारण माझ्या स्क्रीनवरच्या घरापुढे मी त्यांनी सांगितलेलं कारंजं निमूटपणे बसवलं होतं.