आत्याबाईंचा बाहेरचा चहा

चहा पिणारी माणसं त्या काळी वर्धा जिल्ह्यात घरोघर होती, पण दुपारी साडेतीनला छत्री उघडून एकटीने हॉटेलात चहाला जाणारी बाई साऱ्या जिल्ह्यात एकच होती, आणि ती माझी आत्येसासू होती. हे विधान मी जबाबदारीने करतो. मी मोजणी खात्यात होतो. जिल्ह्यातली बरीचशी गावं साखळी टाकत पायाखालून घातलेली. जिथे हॉटेल दिसलं तिथे थांबलोही आहे. एस.टी.ची वाट पाहत टेकलेल्या बाया सोडल्या, तर केवळ चहासाठी येऊन बसलेली बाई मला आत्याबाईंखेरीज दुसरी दिसली नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या बायकोची सख्खी आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत यजमान गेले, तेव्हा त्यांनी नर्सचं शिक्षण घेतलं आणि पुढे तीस वर्षं दवाखान्यांतून काढली. निवृत्त झाल्यावर पिपरी मेघेला आमच्या शेजारचा प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. प्लॉट अर्थातच मी मोजून दिला. मोजून झाल्यावर त्यांनी तो मला पुन्हा मोजायला लावला, आणि दोन्ही वेळचा आकडा एकच आला तेव्हा म्हणाल्या, तापसुद्धा आम्ही दोनदा पाहायचो, राग मानू नका. राग मानण्यासारखं काही नव्हतंच. मला फार दिवसांनी कोणीतरी आपल्यासारखं भेटलं, असं वाटलं होतं. हा समज आठवडाभर टिकला. आठव्या दिवशी मी त्यांना रिक्षात बसून चहाला जाताना पाहिलं.

पिपरीहून बस स्टँडजवळचं ते हॉटेल जवळपास अडीच किलोमीटर. सायकल रिक्षा जाताना बारा आणे, येताना बारा आणे, आणि चहा पस्तीस पैसे. म्हणजे एक रुपया पंच्याऐंशी पैशांचा एक कप. आमच्या घरी दूध, साखर, पत्ती आणि रॉकेल धरून कप चौदा पैशांना पडत असे. तेवढ्या पैशांत तेरा कप होऊन वर तीन पैसे उरतात, हे मी त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगितलं. त्यांनीही शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जावईबापू, त्या चौदा पैशांत आनून देनारीचे किती धरले?" ते मी धरले नव्हते. मग म्हणाल्या, "तीस वर्षं मी चहा उभ्यानं पेला. तोही थंडा. आता बसून पीन, अन् कोनी आनून देईन तवाच पीन." आतल्या दाराशी माझी बायको कपबशा घेऊन उभी होती. त्या दिवशी माझ्या चहात साखर पडायची राहिली.

त्या हॉटेलात बायांसाठी मागच्या बाजूला पडदा लावलेली फॅमिली रूम होती. आत्याबाई तिथे एकदाही बसल्या नाहीत. तिथे पंखा नाही, हे कारण. त्या पुढच्या दालनात, पंख्याखालच्या टेबलाशी, दाराकडे तोंड करून बसत. पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकं आत डोकावून परत जात, दुसऱ्या महिन्यात बिचकत येऊन बसत, आणि तिसऱ्या महिन्यापासून आपापली दुखणी सांगायला येऊ लागली. चहाला उशीर झाला की त्या गल्ल्यावरच्या शेठचं मनगट धरून घड्याळ बघत नाडी मोजत आणि ती जरा जास्त आहे असं सांगत. त्यामुळे उशीर सहसा होत नसे. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही, पण यांची रिक्षा निघेच. एकदा रिक्षावाला फारच घामाघूम झाला, तेव्हा त्याला समोरच्या खुर्चीवर बसवून त्यांनी चहा पाजला. त्या दिवशीचा खर्च दोन रुपये वीस पैसे.

दुसऱ्याच्या घरी गेल्या तर त्यांचा नियम याहून कडक. बसलेल्या बाईला उठवून केलेला चहा त्या घेत नसत. घरधनीण उठू लागली की तिला खांदा दाबून खाली बसवत, स्वतः स्वयंपाकघरात शिरत आणि सर्वांना पुरेल इतका चहा करून आणत. तो चहा ज्यांनी घेतला आहे त्यांना मी काय सांगतो ते कळेल. तो घोटाघोटाने घेण्याचा चहा नव्हता, नाक दाबून एकदम घेण्याचा होता. परिणामी पिपरी मेघेतल्या बाया आत्याबाई आल्या की त्यांना गप्पांत गुंतवत आणि चहाचं नाव काढत नसत. सगळ्याच निवांत बसून राहत. आत्याबाईंना नेमकं हेच हवं होतं की काय, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

त्या वर्षी आमच्या घरात एकच काळजी होती. माझी धाकटी बहीण शालू शाळेत शिकवायला जाण्याच्या सोयीसाठी आंजीहून आमच्याकडे राहायला आली होती, आणि तिचं लग्न जमत नव्हतं. पोरगी हुशार, दिसायला चांगली. पण पाहुणे पाहायला आले आणि चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली, की तिचे हात थरथरू लागत. आधी कपबशांचा आवाज ऐकू येई, मग शालू दिसे. मी यावर मोजणी खात्याला शोभेल असा उपाय काढला. स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत अठरा पावलं होती. रोज संध्याकाळी सहा कप पाण्याने भरून तिला तो ट्रे माझ्यासमोर आणायला लावायचा, आणि बशीत सांडलेलं पाणी औषधाच्या मापाने मोजायचं. तीन आठवड्यांत सांडणं शून्यावर आलं. बायको म्हणाली, तुमच्यासमोर शून्य येऊन काय उपयोग, तुम्ही थोडेच तिला पाहायला आलात. ती म्हणाली तसंच झालं. पाचव्या वेळी हिंगणघाटचे पाहुणे आले आणि मुलाच्या काकांच्या पँटवर दोन कप गेले. चार दिवसांनी मध्यस्थाने येऊन चाचरत विचारलं, की मुलीला झटके वगैरे येतात का. शालूने ते आतून ऐकलं. त्यानंतर ती घरात बोलेनाशी झाली. अशी शंका एकदा जिल्ह्यात फिरली की सहावं स्थळ येत नाही, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आत्याबाईंनी तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि मला म्हणाल्या, "हिले काई नाई झालं. त्या ट्रेले झालं हाय." पुढचं स्थळ त्यांनी स्वतः गाठलं. सेलूकडचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरी आई आणि धाकटी बहीण. त्यांना निरोप गेला, की मुलगी पाहायला घरी येऊ नये, आपण बाहेर चहाला भेटू, आणि हॉटेलात टेबलाला चारच खुर्च्या असतात. हे आंजीला माझ्या आईच्या कानावर गेलं. तिने उलट निरोप पाठवला, की पोरीले हाटेलात दाखवता, तं मंग बजारातच काऊन नाई नेत? आत्याबाईंनी तो ऐकून सांगितलं, की हातात ट्रे देऊन तिला पाच वेळा उभी केली, तो बाजारच होता, आता जरा बसवून पाहू.

मी दोघींच्या मधे. खरं सांगायला लाज वाटते, पण माझं मन वळलं ते आकड्यांनी. घरी पाहुणे सरासरी नऊ येत. पोहे, चिवडा, चहा, पान मिळून बावीस रुपये जात. हॉटेलात आम्ही सहा जण. चार त्या टेबलावर, आणि मी नि मुलाचे मामा शेजारच्या टेबलावर. आलुबोंडा साठ पैसे, चहा पस्तीस, म्हणजे पाच रुपये सत्तर पैसे. रिक्षाचे तीन रुपये. तेरा रुपये तीस पैसे वाचत होते. मी हो म्हटलं.

मामांनी एकट्याने तीन आलुबोंडे खाल्ले, आणि माझा आकडा तिथेच चुकला. पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, कारण माझं लक्ष शेजारी होतं. मुलाच्या आईने पदर पुढे ओढून अंग इतकं चोरलं होतं, की पाहायला आपण आलो आहोत की त्या, असा प्रश्न पडावा. मुलगा टेबलाच्या कडेकडे बघत होता. शालू नेहमीसारखी खाली मान घालून बसली होती, पण तिचे हात रिकामे होते. इतक्यात म्हातारा वेटर चार चहा घेऊन आला. त्याने ते आदळतच ठेवले. दोन बशांत चहा सांडला, थोडा मुलाच्या बाहीवर उडाला. वेटर खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसून निघून गेला. मग आत्याबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, की याच्या हातून सांडला, तर याले झटके येतात का, असं कोणी विचारलं का?

मी मान वळवून मामांकडे पाहू लागलो. मामा चटणी मागत होते. मुलाच्या आई स्पष्टच म्हणाल्या, "आमी आयकलं होतं बाई. पोरीचे हात थरथरतात म्हून."

उत्तर आत्याबाई देतील, असं मला वाटलं. त्यांनी बशी तोंडाला लावली होती. उत्तर शालूने दिलं. पंखा मोठा आवाज करत होता, तरी मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"थरथरतात," ती म्हणाली. "खोटं काऊन सांगू? सारे जन हाताकडेच पाहून राह्यले, का मंग थरथरतात. वर्गात चाळीस पोरं असतात, पन ते फळ्याकडे पाहतात. तवा नाई थरथरत."

पाच कार्यक्रमांत मिळून ती इतकं बोलली नव्हती. मला वाटलं, संपलं. पण मुलाने पहिल्यांदाच वर पाहिलं आणि म्हणाला, की तपासणीला साहेब आले म्हणजे त्याच्याही हातून खडू पडतो, गेल्या वर्षी दोनदा पडला. मग दोघं चाळीस पोरांच्या वर्गाबद्दल बोलू लागली. मुलाच्या आईने हळूच पदराआडचा कप बाहेर घेतला आणि आत्याबाईंना विचारलं, की आणखी अर्धा भेटन का. दुसरा कप पिता पिता म्हणाल्या, की कोणी आणून दिलेला चहा त्या बाळंतपणानंतर आजच पीत आहेत.

निघताना त्यांनी मला सांगितलं, की आता आमच्याकडे घर पाहायला या, पण शालूलाही घेऊन या, राहायचं तिला आहे. त्याच वैशाखात आंजीला लग्न झालं. माझ्या आईने पंगतीत आत्याबाईंना पहिल्या पाटावर बसवलं आणि जेवण होईपर्यंत त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. शेवटी विडा देताना मात्र त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

आत्याबाई त्यानंतर पाच वर्षं चहाला जात राहिल्या. मग न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि माझ्या मेव्हण्याने त्यांना आर्वीला नेलं. शेजारच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं. साडेतीनला रिक्षाची घंटी वाजेनाशी झाली आणि पिपरीतल्या बाया पुन्हा पाहुण्यांसाठी लगबगीने उठू लागल्या. अशात एक दिवस सेलूहून शालूच्या सासूबाईंचं पोस्टकार्ड आलं. त्यांच्या धाकट्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. पोरगी फार भित्री आहे, म्हणून आम्हीही बाहेर चहालाच, त्याच हॉटेलात, भेटायचं ठरवलं आहे, आत्याबाईंना जमेल तसं घेऊन यावं, असं त्यात होतं. मी कार्ड घेऊन आर्वीला गेलो. आत्याबाईंनी ते दोनदा वाचलं. खाटेवरून उठणं शक्य नव्हतं. म्हणाल्या, की माझ्या खुर्चीवर तुमच्या बायकोला बसवा. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "अन् जावईबापू, घाई नका करजा."

तेव्हा आमच्या संसाराला एकोणीस वर्षं झाली होती. त्या दिवशी माझी बायको पहिल्यांदा हॉटेलच्या पुढच्या दालनात बसली. मी शेजारच्या टेबलावर मुलाकडच्या पाहुण्यांबरोबर होतो. आधी ती खुर्चीच्या कडेवर टेकली होती. मग ती मागे रेलली. भित्री पोरगी तिला काहीतरी सांगू लागली, समोरचा मुलगा हसला, आणि बायको टेबलावर कोपर ठेवून बोलत राहिली. काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. घरी तिचं बोलणं मी आत-बाहेर जाता-येता, अर्धं दारात आणि अर्धं चुलीपाशी, असंच ऐकत आलो होतो. इतका वेळ एका जागी बसून बोलताना ती कशी दिसते, हे मी पाहिलेलं नव्हतं.

त्यांचे कप रिकामे झाले होते. बाहेर गिऱ्हाइकं उभी होती. फडकं घेऊन वेटर त्या टेबलाकडे निघाला, तसा मी त्याला हात करून थांबवलं आणि तिकडे आणखी चार चहा द्यायला सांगितले. बायकोने वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती पुन्हा त्या पोरीकडे वळली आणि तुटलेलं बोलणं तिने होतं तिथून पुढे सुरू केलं.